वन्संच्या वाचलेल्या कोंबड्या

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी आचोळ्याला आमच्या सोसायटीच्या गेटवर टँकरवाल्याशी भांडत होते. सेक्रेटरी मी, त्यामुळे भांडायचा मानही माझाच. टाकी निम्मी भरून तो पाइप गुंडाळायला लागला होता आणि मी त्याला म्हणत होते, वर चढ आणि डोकावून बघ. तेवढ्यात मेघनाचा फोन. मेघना म्हणजे वन्संची सून. मी तिच्या नवऱ्याची मामी, म्हणून तिचीही मामीच. "मामी, आई गेल्या," ती म्हणाली. मी काही बोलायच्या आत लगेच पुढचं वाक्य आलं, "आणि मामी, कोंबड्यांचं काय करू?" मला जो संताप आला तो मी लपवत नाही. बाई अजून हॉस्पिटलातून घरी आणलेली नाही आणि हिला कोंबड्या सुचतायत... मग टँकर निघून गेला, मी गेटवर तशीच उभी राहिले, आणि वाटलं, बरोबरच आहे हिचं. वन्संशी माझं आयुष्यभरात कोंबड्या सोडून दुसऱ्या कशावरूनही भांडण झालं नाही. गेल्यावर तरी विषय बदलेल अशी अपेक्षा मी का धरावी?

वन्सं म्हणजे सुलोचना, माझ्या नवऱ्याची, सुधाकरची, थोरली बहीण. पापडीत जन्मल्या आणि पापडीतच दिल्या. माहेर आणि सासर यांच्या मध्ये एक विहीर आणि दोन केळीच्या बागा. मी फलटणकडची, जनावरांची डॉक्टर, इकडे तालुक्याच्या दवाखान्यात नोकरीला आले आणि सुधाकरच्या गळ्यात पडले, असं वन्सं सांगायच्या. लग्नात माझ्यासाठी चपला आणायचं काम त्यांच्याकडे होतं. दुकानदाराने सहा नंबर काढून दिला तेव्हा त्यांचा विश्वासच बसला नाही. त्यांचा स्वतःचा पाय चांगला आठ नंबरचा, वाडीच्या चिखलात रोवून उभा राहणारा. "एवढ्याशा पायांनी ही वाडीत चालणार कशी?" त्यांनी भर मांडवात विचारलं, आणि पुढे तीस-बत्तीस वर्षं जो भेटेल त्याला ते विचारत राहिल्या. त्यांची घरची बोली माझ्या हातून कागदावर नीट उतरत नाही, उतरवायला गेले तर वरून ओरडतील. म्हणून त्यांचं बोलणं मी साध्या मराठीतच लिहिते. त्यातला तिखटपणा मात्र वाचणाऱ्याने आपला आपण घालून घ्यावा.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी त्यांनी मला घरामागचं खुराडं दाखवायला नेलं. वीस-पंचवीस गावठी कोंबड्या, मोगऱ्याच्या ताटव्यात उकरत फिरणाऱ्या. त्यात एक तांबडी एका बाजूला मान पाडून बसलेली. तोंड एका अंगाने सुजलेलं, डोळ्यात फेस, नाकातून घाण वासाचं पाणी, आणि श्वास घेताना घरघर. कोरायझा, म्हणजे कोंबड्यांची साथीची सर्दी. पुस्तकात वाचलेला आजार पुस्तकातल्यासारखाच समोर बसलेला बघून मला, खरं सांगते, आनंद झाला. मी दुसऱ्या दिवशी औषध आणून दिलं, पाण्यातून पाजायला लावलं. वन्संनी ते पाजलं, आणि शिवाय स्वतःची हळद, लसूण आणि कोमट फडक्याने नाक पुसणंही चालू ठेवलं. आठ-दहा दिवसांत तांबडी उठून दाणे टिपायला लागली. "बघ, वाचली," वन्सं म्हणाल्या. मी म्हटलं, औषधाने वाचली. त्या म्हणाल्या, लसणीने वाचली. तिथपर्यंत ठीक होतं. पण पुढे त्या म्हणाल्या, "आता ही पोलादाची झाली. हिला काही होत नाही." सगळ्या अनर्थाचं मूळ ते वाक्य आहे, आणि ते माझ्यासमोर उच्चारलं गेलं तेव्हा मी नव्या नवरीसारखी हसून गप्प बसले.

कारण गोष्ट नेमकी उलटी असते. या आजारातून उठलेली कोंबडी वरून ठणठणीत दिसते, अंडी घालते, पण जंतू तिच्या नाकात मुक्कामाला राहतात. तिने ज्या भांड्यात चोच बुडवली त्यात दुसऱ्या कोंबडीने बुडवली की संपलं. ती स्वतः आजारी पडत नाही, शेजारणीला पाडते. म्हणून आम्ही कानीकपाळी ओरडून सांगतो की वाचलेल्या पक्ष्यात नवा पक्षी सोडू नका आणि वाचलेला पक्षी दुसऱ्या घरी देऊ नका. आणि वन्सं आयुष्यभर दुसरं काय करत होत्या, तर वाचलेल्या कोंबड्या दुसऱ्यांच्या घरी देत होत्या.

त्यांच्या घरातली रीतच तशी होती. कुणाकडे मर लागून कोंबड्या गेल्या की तीन दिवसांच्या आत त्या घरी एक कोंबडी न्यायची. रिकामं खुराडं घराला चांगलं नाही, असं त्यांच्या सासूने सांगितलेलं. डालग्यात कोंबडी, वर फडकं बांधलेलं, कडेला ओंजळभर तांदूळ, आणि वन्सं ऊन बघायच्या नाहीत की पाऊस. शेजारच्या ॲग्नेसबाईंकडे नेली, देवळामागच्या गुरवांकडे नेली, मिठागरांच्या बाजूच्या गावात तर बसने जाऊन दिली. बरं, द्यायची ती कुठली? कळपात वीस तरण्या, धडधाकट तलंगा असताना त्या शोधून शोधून मर पाहिलेली, वाचलेली कोंबडी द्यायच्या. "ज्याच्याकडे एवढं मरण झालंय त्याला कच्ची कोंबडी काय द्यायची? टिकणारी द्यावी." म्हणजे आपल्याकडची सगळ्यात चांगली, सगळ्यात जीव लावलेली. मी अशा माणसावर रागावायचं तरी कसं, सांगा. पण रागावले, भरपूर रागावले.

हे माझ्या लक्षात यायला चार वर्षं लागली, हीही लाज आहेच. दर थंडीत माझ्या दवाखान्यात सर्दीच्या कोंबड्या यायच्या, आज या आळीतून, महिन्याने त्या गावातून, आणि मला त्यात काही सूत्र सापडेना. वारा म्हणावा तर उलट्या दिशेने, बाजार म्हणावा तर ही माणसं बाजारातून कोंबडी घेतच नव्हती. एका रविवारी मी घरांची नावं कागदावर लिहून बसले होते. सुधाकर चहा घेऊन आला, खांद्यावरून वाचलं आणि म्हणाला, "ताईच्या हळदीकुंकवाची यादी तू कशाला करतेयस?" मी तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला. दुसऱ्या दिवसापासून घरोघर विचारायला लागले. मिठागराकडची एक म्हातारी मोठ्या कौतुकाने म्हणाली, "डॉक्टरीनबाय, ती पापडीच्या मावशीनं दिलेली. लय गुनाची हाय." गुणाची कोंबडी अंगणात ऐटीत फिरत होती आणि बाकीच्या तिघी डोळे मिटून फेस गाळत बसल्या होत्या.

मी वन्संना समजावलं. एकदा नाही, वीसदा. गोड बोलून, चित्र काढून, शेवटी हात जोडून. पालथ्या घड्यावर पाणी. त्या ऐकून घ्यायच्या, मान डोलवायच्या, मग म्हणायच्या, "तुझं शिक्षण खोटं नाही गं, पण ती कोंबडी आजारी असती तर मेली नसती का?" यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांच्या मानेच्या वर जात नव्हतं. खुराड्यातल्या चपला घालून दुसऱ्याच्या खुराड्यात जाऊ नका म्हटलं, तर त्या चपला काढून अनवाणी गेल्या. दारात चुना टाका म्हटलं, तर चुना पानाला लागतो, मातीत कशाला घालायचा. आजारी कोंबडी लांब ठेवा म्हटलं, तर "आजाऱ्याला एकटं टाकतात का?" मी हात टेकले. नोकरीत मी मोठमोठ्या पोल्ट्रीवाल्यांना गप्प केलं आहे, पण या बाईपुढे माझी डाळ कधी शिजली नाही.

मग त्यांच्या नितीनने, म्हणजे मेघनाच्या नवऱ्याने, चिंचोटीला शेड घातली. दोन हजार अंड्यांच्या कोंबड्या. सगळं माझ्या सल्ल्याने: जाळ्या, पाण्याच्या निपल लाइनी, दारात पाय बुडवायची पेटी. धबधब्याला जाणाऱ्या पब्लिकच्या गाड्या रस्त्यावर थांबायच्या आणि पोरं शेडमध्ये डोकावायला यायची, म्हणून मी त्याला कुंपणसुद्धा घालायला लावलं. एकच गोष्ट बजावली, आईला म्हणावं लांबून बघ. सहा-सात आठवडे झाले आणि नितीनचा फोन आला: मामी, अंडी निम्म्यावर आलीत, कोंबड्या शिंकतायत. मी गेले. दारात उभी राहिले, डोळे मिटले आणि ऐकलं. शेडचा आजार डोळ्यांआधी कानाला कळतो. दोन हजार नाकांची ती शूं-शूं, घरघर... मला रडू येईल असं वाटलं. शेडला वळसा घातला तर मागे पाण्याच्या टाकीपाशी एक डालगं पालथं घातलेलं, आणि त्याखाली एक तांबडी. जुन्या तांबडीची नात असेल की पणती, पण चेहरा तोच. नितीन खाली बघून म्हणाला, "आई म्हणाली, नव्या कामाला पहिली कोंबडी घरची पाहिजे. लांबच ठेवलीय, मामी." त्याच टाकीचं पाणी शेडमध्ये जात होतं. डालग्याखालून सोडली की ती त्याच टाकीच्या गळक्या नळाखाली पाणी प्यायची आणि तोच नळ हाताळून माणसं आत जायची. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं थोडंच.

मी तशीच पापडीला गेले. वन्सं ओट्यावर मोगरा निवडत होत्या. मी पायरीवर चढलेसुद्धा नाही; खालूनच म्हणाले, "वन्सं, दुसऱ्यांच्या घरी नासधूस करून झाली, आता पोराची शेड तुम्ही तुमच्या हाताने बुडवलीत." त्यांच्या हातातली फुलं हातातच राहिली. जी बाई माझ्या प्रत्येक वाक्याला दोन वाक्यं परत करायची ती गप्प बसली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी तशीच वळून बसस्टॉपला आले, आणि मला फार बरं वाटत होतं. वीस वर्षांचं बोलून झाल्यासारखं.

पुढच्या आठवड्यात तपासणीचा रिपोर्ट आला. त्यात जंतूचं नाव होतं. तो कुणाच्या पायाने आला ते नव्हतं. नितीनला खोदून विचारलं तेव्हा कळलं की त्याने कोंबड्या दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून, वेगवेगळ्या वयाच्या घेतल्या होत्या, कारण एका ठिकाणी पुरेशा नव्हत्या. आजार त्यांच्यातूनही आलेला असू शकतो, तांबडीतूनही असू शकतो. सांगता येत नाही. मी डॉक्टर आहे. "सांगता येत नाही" हे वाक्य मी पायरीखाली उभं राहून उच्चारायला हवं होतं, आणि मी उच्चारला होता निकाल. नितीनला मी हे सगळं नीट समजावून सांगितलं. त्याने औषधं दिली, तो लॉट काढून शेड धुऊन रिकामी ठेवली, पुन्हा भरली, वर्षभर चालवली आणि मग त्याचाच जीव त्यात रमेना म्हणून विरारला नोकरी धरली. वन्संना मात्र मी कधी काही सांगितलं नाही. आज सांगू, गौरीला सांगू, मेघनाच्या मुलाच्या बारशाला सांगू... एकदा तर ओट्यापर्यंत शब्द घेऊन गेले आणि त्यांनी नेमका माझ्या पायांचा विषय काढला. राहिलं ते राहिलंच.

बोलणं बंद झालं नाही आमचं, ते एक. चारेक महिन्यांनी मी पुन्हा जायला लागले तर त्यांनी ओट्यावर पाट दिला, चहा दिला. पण मी सवयीने मागच्या दाराकडे वळले तेव्हा त्या आडव्या आल्या. "तू डॉक्टरीण. तुझ्या पायाला दहा गावची रोगराई. माझ्या खुराड्याकडे यायचं नाही." माझंच वाक्य माझ्याच तोंडावर. मी त्यांना शंभरदा सांगितलं होतं की फिरता डॉक्टरसुद्धा पायाने आजार नेतो. मला वाटलं, म्हातारी उट्टं काढतेय. मीही हट्टाला पेटले, म्हटलं, नाही येणार, राहिलं. सहा वर्षं मी त्या ओट्यावर बसून चहा प्यायले आणि घराची मागची बाजू बघितली नाही. मी रिटायर झाले, पायाला आता एकाही गावची माती लागत नव्हती, तरी बंदी कायम. मागून कोंबड्यांचा आवाज यायचा आणि आम्ही दोघी मोगऱ्याच्या भावाबद्दल बोलत बसायचो. दोन म्हाताऱ्या, एकीपेक्षा एक शहाणी.

शेवटची भेट झाली तीही तिथेच. त्या बोलत होत्या आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्यांच्या छातीतून तो आवाज येत होता. तीस वर्षं ऐकलेली घरघर मला ओळखू येणार नाही का? मी म्हटलं, वन्सं, हे साधं नाही, उठा, आत्ता रिक्षा बोलावते. "लसूण खाल्लीय मी," त्या म्हणाल्या. "आणि तू कोंबड्यांची डॉक्टर, माणसांच्या छातीत नाक खुपसू नकोस." मी चिडून निघून आले. चिडून निघून यायचं मला चांगलं जमतं. चौथ्या दिवशी नितीनने त्यांना जबरदस्तीने हॉस्पिटलात नेलं तेव्हा दोन्ही फुप्फुसं भरली होती. न्यूमोनिया. जंतूंचाच, औषधाने बरा होणारा, वेळेवर गेलं तर... पुढचं मी लिहीत नाही. मला त्यांचा अजूनही राग येतो आणि तो कमी व्हावा असं वाटतही नाही.

तेराव्याला जेवणं झाल्यावर माणसं ओट्यावर बसली होती. ॲग्नेसबाई डोळे पुसत म्हणाल्या, सुलूच्या हातची कोंबडी आमच्याकडे आली होती, आठवण म्हणून आता पुन्हा एक द्या. दुसरी म्हणाली, आम्हालाही द्या. कुणीतरी म्हणालं, नऊ आहेत म्हणे, नऊ घरी द्या, त्यांच्या नावाने. सगळ्यांना ते फार आवडलं. मी एकटी म्हणाले, "नाही. एकही द्यायची नाही." ओटा गार झाला. एका दूरच्या नातेवाइकांनी बाजूला तोंड करून, पण मला ऐकू येईल असं म्हटलं की आता तरी त्या बाईशी भांडण सोडा. तेव्हा मेघना पुढे आली. हळू आवाजात, सगळ्यांसमोर म्हणाली, "आईंनीच सांगितलंय. हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी. मामीला विचारल्याशिवाय माझ्या कोंबडीचं एक पीसही वाडीबाहेर जाता कामा नये. म्हणून तर मी फोनवर पहिलं ते विचारलं, मामी."

मी उठले आणि मागच्या दाराने खुराड्याकडे गेले. सहा वर्षांनी. कुणी आडवं आलं नाही.

खुराड्याच्या दारात पसरट घमेलं होतं, त्यात चुना. दगडावर निळ्या रबरी स्लिपरचा जोड, आठ नंबरचा, उजव्या टाचेखाली भोक पडलेलं, तुटलेला पट्टा तारेने शिवलेला. मेघना मागोमाग आली होती. ती म्हणाली, "या फक्त खुराड्याच्या. तुमचं ते भांडण झालं ना, त्या आठवड्यापासून. घरातली चप्पल आत नाही आणि आतली घरात नाही. मला तर अंगणातसुद्धा ओरडायच्या." लांब चिकूच्या झाडाखाली वेगळं डालगं होतं, आजारी कोंबडीसाठी; त्याच्या शेजारी एक पाट. म्हणजे आजाऱ्याला एकटं टाकलं नाहीच, स्वतः जाऊन बसायच्या. कोंबडी एकही बाहेरून आणली नव्हती की बाहेर दिली नव्हती, सहा वर्षांत. कुणी मागितली तर संपल्या म्हणायच्या. माझा शब्द न् शब्द पाळला होता बाईने. माझ्यापर्यंत त्यातला एकही पोचू दिला नव्हता.

आणि दाराच्या वरच्या खिळ्याला दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला आणखी एक जोड. कोरा. तळव्यावरचं लेबलसुद्धा काढलेलं नव्हतं. मेघनाचा पाय सात, नितीनचा नऊ. लेबलवर सहा.

"हा कधी आणला?" मी विचारलं.

"तेव्हाच," मेघना म्हणाली. "दोन्ही जोड एकदम आणले होते. म्हणायच्या, येईल ती. आधी ओट्यावर बसून तिला जे सांगायचंय ते सांगू दे."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. नितीन पोटात काही ठेवणारा नाही; रिपोर्टाचं त्याने आईला केव्हाच सांगितलं असणार. सहा वर्षं मला वाटत होतं की त्या मला मागे जाऊ देत नाहीत, आणि त्या ओट्यावर माझ्यासमोर बसून, मोगरा निवडत, माझ्या तोंडून एक वाक्य निघायची वाट बघत होत्या. आणि मी चहा पिऊन उठत होते. अहो वन्सं, एकदा विचारायचं होतं ना. माझ्या पायांवर बोललात त्याऐवजी एकदा, फक्त एकदा, काय गं, काही सांगायचंय का, एवढंच विचारलं असतं तर काय बिघडलं असतं तुमचं?

दुसऱ्या कुणाला मी सांगितलं असतं, सगळ्या कोंबड्या काढा, चुना मारा, खुराडं काही आठवडे रिकामं ठेवा. त्या नऊ जणींबद्दल मला ते सांगवलं नाही. त्या आहेत तिथेच राहतील. आत कुणी येणार नाही, बाहेर कुणी जाणार नाही, आणि शेवटची जाईल तेव्हा खुराडं रिकामं होईल. वन्संच्या सासूला ते चालणार नाही, पण तिचं वन्संच बघतील. मी गुरुवारी आणि रविवारी पापडीला जाते. मागच्या दगडावर माझ्या चपला काढते, खिळ्यावरचा जोड घालते, चुन्यात पाय बुडवते आणि कोंबड्या आत गेल्या की डोळे मिटून ऐकते. रिपोर्टाचं वाक्य मी पहिल्याच गुरुवारी मोठ्याने सांगून टाकलं. एका तांबडीने मान वाकडी करून बघितलं, बाकीच्यांनी तेही नाही.

स्लिपरचा पट्टा नवा आहे, सहा वर्षं नुसता टांगून कडक झालेला. अंगठ्यापाशी कातडी निघाली आहे. परवा सुधाकरने विचारलं, पायाला काय झालं?

म्हटलं, तुझी बहीण चावते.